लुकण

कुंभाराकडून मडके घेताना आपल्याकडील गृहिणी ते एका हातावर तोलून धरते आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर टिचकी मारून पाहते. आवाज खणखणीत निघाला तर मडके घरी येते, बद्द निघाला तर ते पुन्हा ढिगावर जाते. या परीक्षेत मोठा न्याय आहे. कुंभाराला काही लपविता येत नाही आणि गिऱ्हाइकाला नसता दोष काढून भाव पाडता येत नाही. भेग असेल तर मडके स्वतःच ती सांगते. मनुष्याच्या हातून होणाऱ्या सर्वच वस्तू अशा बोलक्या असत्या तर किती तरी भांडणे मिटली असती. परंतु पुष्कळशा वस्तू टिचकीला उत्तर देत नाहीत. त्यांचे गुण आणि त्यांचे दोष पोटात असतात, आणि ते बाहेर यावयास कधी कधी अर्धे आयुष्य जावे लागते.

अशाच एका मुक्या वस्तूविषयी आज लिहावयाचे मनात आहे. ती वस्तू म्हणजे तंबाखू ओढण्याचा विलायती लाकडी पाइप. हा विषय पाहून काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल, याची आम्हांस जाणीव आहे. व्यसनाच्या साधनाची पारख ती काय करावयाची, असे ते म्हणतील. त्या आक्षेपाकडे आम्ही यथाक्रम वळूच. तूर्त एवढेच सांगून ठेवतो की, आम्ही स्वतः पाइप कधीही ओढलेला नाही. तो आमच्या हाती आला तो वारशाने, आणि त्याच्याबरोबर एक प्रश्नही आला.

आमचे एक मामा व्यापारी जहाजावर इंजिनिअर होते. १९५८ साली जहाज लंडनच्या गोदीत असताना त्यांनी तेथील एका दुकानातून ब्रायरच्या लाकडाचा एक पाइप विकत घेतला. कोणत्या कारखान्याचा, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांच्या तेव्हाच्या पगाराच्या मानाने किंमत बरीच होती, आणि दुकानदाराने ती सांगताना लाकूड निर्दोष असल्याचे आवर्जून सांगितले होते. रजेवर कोकणातील घरी आले की संध्याकाळी ओटीवर बसून मामा तो पाइप ओढीत आणि निवाला की आम्हां भाच्यांच्या हाती देऊन म्हणत, "बघा, मोहरीएवढा तरी डाग कुठे सापडतो का ते." आम्ही तो उलटसुलट करून पाहत असू. डाग सापडत नसे. माल कसा असावा आणि कारागीर कसा असावा, याचे ते एक उदाहरणच आमच्या घरात होऊन बसले होते.

१९७७ च्या पावसाळ्यात त्यांनी तो पाइप स्पिरिटने घासून स्वच्छ केला. वरचा रंग थोडासा उतरला आणि अंगठा जेथे टेकतो त्या बाजूस तिळाएवढे तीन फिकट ठिपके उघडे पडले. टाचणीने टोकरून पाहिले तो भुगा निघाला. ते लाकूड नव्हते, लुकण होते. आपले सुतार ज्याला लांबी म्हणतात आणि कपाटाच्या फटींत दडपून वरून रंग देतात, त्याच जातीचे काही तरी. मामा त्या दिवशी कोणाशी फारसे बोलले नाहीत.

त्यांचे एक वकील स्नेही रात्री आले असता हा प्रकार निघाला. वकीलसाहेब हसून म्हणाले, "अहो, वीस वर्षे पाइपाने तुम्हांला एकदाही दगा दिला नाही. धूर थंड, चव चांगली, तडा कुठे गेला नाही. तीळभर लुकणाने तुमचे बिघडले काय?" यावर मामा थोडा वेळ थांबून म्हणाले, "बिघडले काहीच नाही. पण वीस वर्षे मी या पोरांना खोटे सांगत आलो."

त्या दोघांपैकी कोणाचे खरे, हा प्रश्न आम्ही अनेक वर्षे मनात बाळगून आहो. त्याचा निवाडा करावयाचा तर पाइप कसा होतो हे थोडे पाहिले पाहिजे.

भूमध्य समुद्राच्या काठी, कॉर्सिका, कॅलाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया अशा प्रदेशांतील खडकाळ व रूक्ष डोंगरउतारांवर हीथ जातीचे एक उंच झुडूप वाढते. त्याचे मूळ आणि खोड यांच्या सांध्यावर एक लाकडी गड्डा धरतो. झुडपाला पाणी कमी, माती कमी, वणव्याचे भय नेहमीचे. त्यामुळे हा गड्डा अतिशय सावकाश आणि अतिशय घट्ट वाढतो. उपयोगी पडेल एवढा व्हावयास त्याला कित्येक दशके लागतात. हेच ब्रायर. ते विस्तवाजवळ ठेवले तरी सहसा जळत नाही आणि धुरातील ओल काही अंशी शोषून घेते. या दोन गुणांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पाइपाच्या कामी त्याने बाकी सर्व लाकडांना मागे टाकले. फ्रान्समधील जुरा पर्वतातील सां-क्लोद या गावाने हा धंदा प्रथम भरभराटीस आणला. तेथील कातारी पूर्वी मठाच्या यात्रेकरूंसाठी जपमाळा आणि लहानसहान लाकडी वस्तू करीत असत. त्याच हातांना हे नवे लाकूड मिळाले.

गड्डा खणून काढल्यावर तो ओला ठेवतात, करवतीने त्याचे ठोकळे पाडतात, ते कित्येक तास पाण्यात उकळून त्यांतील तुरट रस काढून टाकतात आणि मग महिनोन्‌महिने सावलीत वाळवितात. एवढे सर्व झाल्यावरही ठोकळ्याच्या पोटात काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते. गड्डा वाढताना त्याने एखादा खडा, चिमूटभर वाळू, सालीचा एखादा तुकडा आपल्यात ओढून घेतलेला असतो. कारागीर कानस चालवीत शेवटच्या हातापर्यंत येतो आणि नेमका तेथे एक बारीक खळगा उघडा पडतो. दोष त्याचा नाही, झाडाचाही म्हणता येणार नाही. खडकात वाढलेल्या जिवाच्या अंगात खडक सापडला, एवढेच. सर्वस्वी निर्मळ निघणारे ठोकळे थोडेच असतात, आणि ज्यांचे तंतू तळापासून काठापर्यंत ज्वालेसारखे सरळ चढतात असे तर फारच थोडे.

आता गंमत अशी की, वर दिसणाऱ्या अशा खळग्याने पाइपाच्या गुणात बहुधा काडीचाही फरक पडत नाही. पाइपाची खरी परीक्षा निराळ्या ठिकाणी असते. वाटीच्या तळाशी धुराचे भोक कोठे उघडते ते पाहावे. ते बरोबर तळाशी आणि बरोबर मध्यावर आले पाहिजे. वर राहिले तर खालची तंबाखू ओली होऊन न जळताच राहते. एखादी तार दांतांकडील टोकातून आत सारली असता ती कोठेही न अडखळता थेट वाटीत निघाली पाहिजे. मुखनळीचे टोक दांडीच्या भोकात शेवटपर्यंत भिडले पाहिजे. तेथे पोकळी राहिली की वाफ साचते आणि पाइप गुडगुडू लागतो. (आपल्या गुडगुडीला तो आवाज शोभतो, पाइपाला शोभत नाही.) वाटीचा तळ पुरेसा जाड हवा, दांतात धरावयाचा भाग पातळ हवा, आणि सगळ्याचा तोल असा हवा की तोंडात धरले असता जबडा दुखू नये. यांपैकी बहुतेक गोष्टी दुकानाच्या काचेतून दिसत नाहीत. जो खळगा भिंतीच्या आत, वाटीच्या बाजूस दडून राहिला आणि ज्याने पुढेमागे पाइप जळून भोक पडावयाचे, तो तर हातात घेऊनही दिसत नाही. म्हणजे जे दोष दिसतात ते बहुधा निरुपद्रवी, आणि जे उपद्रवी ते दिसत नाहीत. तरी गिऱ्हाईक पैसे मोजते ते दिसणाऱ्या निर्दोषपणाचे.

येथे वकीलसाहेबांची बाजू बळकट होते. वस्तू ज्यासाठी केली ते कार्य ती उत्तम करीत असेल तर ती उत्तम. कार्याला न बाधणारा डाग हा दोषच नव्हे, आणि जो दोषच नव्हे तो झाकला म्हणून अपराध कसा? उलट त्या लुकणाने मामांना वीस वर्षे निर्मळ लाकूड पाहण्याचे सुखच दिले. हा युक्तिवाद ऐकावयास पक्का वाटतो, आणि आम्हीही काही काळ तो मान्य केला होता. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मामांनी विकत घेतले ते केवळ धूर ओढण्याचे यंत्र. वस्तुस्थिती तशी नव्हती. तेवढेच हवे असते तर चार पैशांची मातीची चिलीमही धूर थंड देते. मामांनी धुराबरोबर एक प्रतिज्ञा विकत घेतली होती, की हे लाकूड असे आहे आणि ते आम्ही असे निवडले आहे. पाइप चांगला निघाला, प्रतिज्ञा खोटी निघाली. पाइपाच्या चांगुलपणाने प्रतिज्ञेचा खोटेपणा धुऊन निघत नाही, कारण ते दोन निरनिराळे सौदे होते आणि पैसे दोहोंचेही घेतलेले होते.

मामांच्या उत्तरातील खोल भाग याच्याही पुढे आहे. पैसे गेल्याचे त्यांनी नावही काढले नाही. आपल्या तोंडून खोटे वदविले गेले, याचे त्यांना दुःख होते. वस्तूची स्तुती करणारा मनुष्य त्या वस्तूला जामीन राहत असतो. कारागिराने लुकण भरले तेव्हा त्याच्या मनात एका गिऱ्हाइकापुरती फसवणूक असेल. ते गिऱ्हाईक वीस वर्षे लहान मुलांना पारख शिकवीत बसेल, हे त्याच्या स्वप्नीही नसेल. परंतु झाले ते असे.

इतके म्हटल्यावर कारागिराला दोषी ठरवून मोकळे व्हावे, असे वाटते. आम्हांस ते न्याय्य वाटत नाही. कारखान्यातील मनुष्य नगावर मजुरी घेणारा. ठोकळ्यावर कित्येक तास घालविल्यावर शेवटच्या हाताला खळगा निघाला, तर त्याने काय करावे? पाइप फेकून द्यावा तर मजुरी बुडाली, मालकाचे लाकूड बुडाले, चाळीस वर्षांचा गड्डा बुडाला. तसाच पुढे पाठवावा तर दुकानात त्याला कोणी हात लावीत नाही. का लावीत नाही? कारण आम्ही गिऱ्हाइके डाग पाहतो आणि भोक पाहत नाही. वाटीतील छिद्र नीट पडले आहे की नाही हे दहांत एकालाही विचारावयास सुचत नाही. तीळभर ठिपका दिसला की मात्र दहाही जण पाइप खाली ठेवतात. निर्मळ लाकूड दुर्मिळ आहे आणि त्याची किंमत जबर आहे, हे ऐकून घेण्याची कोणाची तयारी नाही. ते मिळावे मात्र सर्वांना आणि सामान्य किमतीत. लुकण भरले ते कारागिराच्या बोटाने, पण ते कालविण्यास आमच्या या मागणीचे पाणी वापरले गेले, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

दुसरा मार्ग नव्हता काय? होता, आणि तो या धंद्यानेच शोधून काढलेला आहे. हॉलंडमधील खौदा हे शहर सतराव्या-अठराव्या शतकांत मातीच्या पाइपांसाठी प्रसिद्ध होते. त्याच्या मालाची इतकी नक्कल होऊ लागली की, अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पाइपाच्या टाचेवर शहराचे चिन्ह उठविण्याची मुभा तेथील कारागिरांना मिळाली. त्यातही विशेष हे की, साधारण प्रतीच्या मालावर त्या चिन्हाच्या डोक्यावर एक अक्षर अधिक उठवीत. त्या अक्षराचा अर्थच मुळी ‘साधारण’. उत्तम मालावर बढाई कोणीही मारील. आपलाच माल साधारण आहे असे त्या मालावरच कोरून तो विकणारे गाव विरळा. असे पाइप लोक घेत आणि सुखाने ओढीत. किंमत साधारण, वचनही साधारण, आणि दोन्ही खरी.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर १९०७ साली दुकान थाटणाऱ्या आल्फ्रेड डनहिल यांच्या कारखान्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पाइपावर वाळूचा मारा करण्याची रीत प्रचारात आणली. माऱ्याने मऊ लाकूड झडते, कठीण तेवढे उरते, आणि पाइपाच्या अंगावर वर्षावर्षाची वलये एखाद्या म्हाताऱ्याच्या हातावरील शिरांसारखी उठून दिसतात. गुळगुळीत पाइपास न शोभणारा खळगा या खडबडीत अंगावर आपोआप सामावून जातो. हीही एक झाकाझाकच, असा आक्षेप आम्ही ऐकलेला आहे. आमचे मत तसे नाही. वाळूने झोडलेला पाइप पाहणाराला पहिल्या क्षणीच सांगतो की मी गुळगुळीत नाही. तो जे नाही ते असल्याचे सोंग आणीत नाही. मात्र सीमारेषा फार बारीक आहे हे कबूल केले पाहिजे. पटाशीने वर नुसते ओरखडे काढून केलेला खडबडीतपणा कधी कधी आम्हांसही संशयास्पद वाटतो, आणि तो संशय कोणत्या नियमाने सिद्ध करावा हे सांगता येत नाही.

याच कारखान्याच्या मुखनळीवरील पांढरा ठिपका आज जगप्रसिद्ध आहे. सरळ नळीची वरची बाजू कोणती हे गिऱ्हाइकाला कळावे, म्हणून १९१५ च्या सुमारास तो बसविला गेला, असे सांगतात. पुढे लोक नळीची बाजू पाहावयाचे सोडून ठिपकाच पाहू लागले. पारख करण्याचे कष्ट वाचविणारे कोणतेही चिन्ह असेच फुगत जाते. चिन्ह करणाराचा त्यात अपराध नसतो. परंतु जेथे सर्वांचे डोळे एका ठिपक्यावर खिळतात तेथे भोक तपासणारे डोळे कमी होतात, हे खरे.

भोक तपासणारे डोळे कसे तयार होतात, याची साक्ष कोपनहेगनमध्ये मिळते. गेल्या शतकात पाइपाच्या कलेला नवे वळण देणारे सिक्स्टेन इवार्सन हे जन्माने स्वीडिश. त्यांनी आपल्या कामाची सुरुवात त्या शहरातील एका दुकानात मोडके पाइप दुरुस्त करण्यापासून केली. दुरुस्तीला येणारा पाइप कोणाची भीड ठेवीत नाही. कोठे जळाला, कोठे फुटला, कोठे ओल साचली, सर्व त्याच्या पोटात लिहिलेले असते. पुढे स्वतःचे पाइप करताना इवार्सन यांनी कारखान्यांची रीत उलटी केली. कारखान्यात आधी भोके पाडून मग बाहेरचा आकार काढीत. ते आधी आकार काढीत आणि मग भोके पाडीत. लाकडाचे तंतू जसे दिसू लागतील तसा आकार वळवावयाचा, खळगा आला तर तेवढा भाग कापून आकारच बदलावयाचा. दोष झाकण्याची वेळच येऊ नये अशी ही युक्ती आहे. पण तिला वेळ लागतो, लाकूड फार वाया जाते, आणि अशा पाइपाची किंमत आमच्या मामांच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणून हे उदाहरण कितीही मनोहर असले तरी त्याने सामान्य गिऱ्हाइकाचा आणि नगावर राबणाऱ्या मजुराचा प्रश्न सुटत नाही. खौदाच्या त्या एका अक्षराने तो अधिक सुटतो, असे आम्हांस वाटते.

आता त्या राहिलेल्या आक्षेपाकडे. तंबाखूच्या धुराने ओठ, जीभ, घसा आणि फुप्फुस यांचा कर्करोग होतो, हे आज निर्विवाद सिद्ध आहे, आणि पाइप ओढणारा धूर छातीत घेत नसला तरी तो या संकटातून सुटत नाही. मग जे साधन अंती मनुष्याचा घात करते त्याचे भोक सरळ की वाकडे, याची चर्चा म्हणजे सुळाच्या टोकाच्या कारागिरीची वाखाणणी नव्हे काय? या आक्षेपाचे पुरते उत्तर आमच्यापाशी नाही. तलवारीच्या पात्याची आपण वाहवा करतो, म्हणून पाइपाचीही करावी, हे उत्तर आम्हांस तकलादू वाटते. आम्ही एवढेच म्हणू की, कारागिराचा प्रामाणिकपणा ही एक वस्तू आणि त्या कामाचे प्रयोजन ही दुसरी. दुसरी वाईट ठरली म्हणून पहिलीची चौकशी थांबत नाही. किंबहुना या चौकशीतूनच दुसऱ्या गोष्टीवर उजेड पडतो. पाइप म्हणजे चिंतनशील, सभ्य, शांत पुरुषाचे लक्षण, आणि त्याचा धूर निरुपद्रवी, ही समजूत किती तरी वर्षे चित्रांतून, जाहिरातींतून, दिवाणखान्यांतून लोकांच्या मनात भरली गेली. मामांच्या पाइपातील तिळाएवढ्या लुकणापेक्षा ते लुकण फार मोठे होते. त्याचा रंग उतरावयास त्याहून पुष्कळ अधिक वर्षे लागली, आणि ते भरणारांत नगावर मजुरी घेणारा कारागीर कोठेच नव्हता.

मामांनी पुढे काय केले ते सांगावयाचे राहिले. त्या रात्रीनंतर तीन-चार दिवसांनी त्यांनी पेनच्या चाकूने ते तीनही ठिपके कोरून लुकण साफ काढून टाकले. खळग्यांत पुन्हा काही भरले नाही. पाइप पूर्वीसारखाच चालत होता; १९८३ साली डॉक्टरांनी मना करीपर्यंत ते तोच ओढीत. आम्हां भाच्यांच्या हाती मात्र तो त्यांनी पुन्हा परीक्षेसाठी दिला नाही, आणि आम्हीही मागितला नाही. त्यांच्यामागे तो आमच्या मेजाच्या खणात आला. हाताच्या तेलाने खळगे आता काळेभोर झाले आहेत. परवा आमच्या नातवाने खण उपसताना तो बाहेर काढला आणि क्षणभर पाहून म्हणाला, "आजोबा, याला तीन भोके पडली आहेत."